एस ११५०: मुंबई बंदरातली ही फ्लाइंग बोट पुढे कुठे गेली?

माझगावची_मेघा
नमस्कार मंडळी. माझे पणजोबा बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या लाँचवर सारंग होते. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो सापडलाय. बोयाला बांधलेलं दुपाखी विमान, खालचा भाग थेट होडीचा, पंखांच्या मधोमध दोन इंजिनं, शेपटीवर तीन उभी सुकाणं. अंगावर एस ११५० हा क्रमांक. मागे मोडीत फक्त ‘मुंबई बंदर’, साल नाही. आजी सांगायची, ते विलायतेहून पाण्यापाण्यानं आलं आणि चीनकडे गेलं. हे खरं असेल का? मला नुसतं मॉडेलचं नाव नकोय, ह्याच एका विमानाचा माग काढायचाय.

ओझरचा_फिटर
मेघाताई, आजींची आठवण पक्की आहे. ही ब्रिटनच्या सुपरमरीन कंपनीची साउदॅम्प्टन. डिझाइन आर. जे. मिचेल यांचं, पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान केलं तेच. पहिलं उड्डाण मार्च १९२५.

एस ११४९ ते एस ११५२ अशा चार बोटी रॉयल एअर फोर्सनं (आरएएफ) ‘फार ईस्ट फ्लाइट’ या पूर्वेकडच्या लांब सफरीसाठी काढल्या. प्रमुख ग्रुप कॅप्टन केव्ह-ब्राउन-केव्ह. ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लंडमधलं प्लिमथ सोडलं, भूमध्य समुद्र आणि इराणचं आखात करत नोव्हेंबरात कराची, मग आपला किनारा धरून खाली. २८ फेब्रुवारी १९२८ ला सिंगापूर. म्हणजे तुमचा फोटो या दोन मुक्कामांच्या मधल्या हिवाळ्यातला.

मी जन्मभर विमानांच्या सांगाड्यांवर काम केलं, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भिंग लावून बुडाकडे बघा, रिव्हेटच्या रांगा दिसतील, म्हणजे बूड धातूचं. आधीच्या साउदॅम्प्टन लाकडी होत्या, आणि लाकूड पाणी पितं: साधारण ४०० पौंड पाणी नुसतं फळ्यांत मुरायचं! ड्युरॅल्युमिनचं (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं) बूड मुळातच ५०० पौंडांनी हलकं. दोन्ही मिळून ९०० पौंड वाचले, पल्ला २०० मैलांनी वाढला. एवढ्या लांब जायची हिंमत या धातूच्या बुडामुळे झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझगावची_मेघा
काका, रिव्हेट दिसले! अगदी ओळीनं. पण सिंगापूरनंतर? नेटवर कुठे साउदॅम्प्टन अर्जेंटिनात दिसते, कुठे तुर्कस्तानात, कुठे जपानात. आमची त्यातलीच एखादी का?

मेलबर्नची_वृंदा
नाही गं, तिथेच लोक चकतात. अर्जेंटिनाच्या नौदलानं आठ घेतल्या, त्यांना फ्रेंच लोरेन इंजिनं. तुर्कस्तानच्या सहांना हिस्पानो-सुइझा. जपाननं एकच घेतली, ती पुढे प्रवासी विमान झाली. तुझ्या चौघींना नेपियर लायन.

त्या चौघी मे १९२८ मध्ये सिंगापूरहून निघून आमच्या ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घालून परतल्या. इथल्या हवाई दलाकडेही दोन साउदॅम्प्टन होत्या, पण त्या वेगळ्या, ए ११-१ आणि ए ११-२ क्रमांकाच्या. जुन्या फोटोंखाली सगळ्यांची सरमिसळ असते. म्हणून मथळ्यावर विसंबू नकोस, बुडावरचा क्रमांक वाच.

आणि आजीचं ‘चीनकडे’ म्हणजे हाँगकाँग. वर्षअखेरीस तिथवर जाऊन डिसेंबरात परत सिंगापूर. सगळा प्रवास सुमारे २७,००० मैलांचा, आणि चारही बोटी सुखरूप. मला हे फार मोठं वाटतं.

ओझरचा_फिटर
वृंदाताईंनी नेमकं सांगितलं. पुढचा धागा असा: जानेवारी १९२९ मध्ये याच तुकडीचं २०५ स्क्वाड्रन झालं, ठाणं सिंगापूरचं सेलेटार. एस ११५० चा शेवट शोधायचा तर २०५ च्या नोंदवह्या बघाव्या लागतील, त्यासाठी लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जला लिहा. मुंबईतल्या मुक्कामासाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा. १९२७-२८ चे बंदर आणि लष्करी पत्रव्यवहार मागा, शिवाय त्या हिवाळ्यातली मुंबईची वर्तमानपत्रं.

साउदॅम्प्टन कशी होती हे डोळ्यांनी बघायचं तर लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये एन ९८९९ क्रमांकाच्या साउदॅम्प्टनचं लाकडी बूड आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फेलिक्सस्टोला लोक त्यात हाउसबोट करून राहत होते, म्हणून ते वाचलं.

माझगावची_मेघा
काका, वृंदाताई, मनापासून आभार. क्यूला आजच मेल करते, काळा घोड्याला सोमवारी जाते. बोटीला टेकलेली एक लाँच पण दिसतेय, तिचं नाव अर्धंच वाचता येतंय. मोठा स्कॅन करून इथे टाकते. पोर्ट ट्रस्टच्या जुन्या लाँचची नावं कुणाला ठाऊक असतील तर नक्की सांगा.