मदत हवी आहे: आईचे पाय समुद्राच्या पाण्याला लागले पाहिजेत

नमस्कार मंडळी,

पुढच्या दोन-तीन महिन्यांत आम्ही तिघी समुद्राकाठच्या एखाद्या गावी तीन दिवस जाणार आहोत. मी, आई (वय ७२, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालंय) आणि माझी नऊ वर्षांची लेक. गाव अजून ठरलेलं नाही. गावांची, हॉटेलांची नावं शोधली की ढिगाने मिळतात, ती नकोत. किनाऱ्यावर कधी जायचं आणि गेल्यावर काय करायचं, हे जाणत्यांकडून हवं आहे.

आधी मागच्या वेळचं सांगते. गेल्या वर्षी अशाच एका गावी गेलो होतो. खोली समुद्रासमोर. दुपारी बाराच्या सुमारास पोचलो, सामान टाकून तशाच किनाऱ्यावर गेलो, तर वाळूच नाही! पाणी थेट बांधाच्या दगडांवर आपटत होतं. आई पायऱ्यांवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तीनला गेलो. पाणी थोडं मागे सरकलं होतं, पण पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत सगळी भुसभुशीत, तापलेली वाळू. चौथ्या-पाचव्या पावलाला आईचा पाय रुतला आणि गुडघा वळला. मी धरलं म्हणून पडली नाही, पण धसका बसला तो बसलाच. "राहू दे गं, मला इथूनही दिसतो समुद्र," म्हणाली आणि पुन्हा पायऱ्यांवर जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला लेक खडकांवर शिंपले बघत होती, मी आईपाशी. तासाभरात लेकीच्या आणि वाळूच्या मध्ये गुडघाभर पाणी आलं. धावत जाऊन तिला उचलून आणलं. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

निघायच्या आधी लेकीने पाण्याची रिकामी बाटली समुद्रात भरून आणली आणि आजीच्या पायांवर ओतली. आई काही बोलली नाही. ओले पाय तसेच ठेवून गाडीत बसली. चपलाही घातल्या नाहीत.

म्हणून या वेळी मला एवढंच साधायचं आहे, की आईने स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत जावं. तिच्यासाठी दिवसातली कोणती वेळ धरू? वाळूवर तिला चालवायचं कसं? लेकीला पोहता येतं, पण तलावात. तिला समुद्रात कितपत सोडायचं? आणि तीन दिवस दोघींना रमवेल असं किनाऱ्यावर काय करता येईल? डॉक्टरांनी सपाट जागी अर्धा तास चालायला परवानगी दिली आहे. काठी वापरते.

*

प्रतिसाद

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. पहिल्या दिवशी बाराला पाणी बांधाला लागलं होतं, म्हणजे ती भरतीची वेळ. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात आणि ओहोटी त्यांच्या मधोमध येते. म्हणजे त्या दिवशी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास तिथे लांबच लांब वाळू मोकळी पडली असणार. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. तिसऱ्या दिवशी सकाळची ओहोटी साडेसात-आठला झाली, मुलगी त्यानंतर खडकांवर होती आणि पाणी चढायला लागलं. खडकांवर जायचं ते ओहोटीच्या तासभर आधी आणि पाणी वळलं की परत फिरायचं, हा नियम मुलीलाही शिकवून ठेवा.

तारखा ठरवताना भरती-ओहोटीचं कोष्टक आधी उघडा, खोली मागाहून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप आत जातं आणि खूप वरही येतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: एकाच ठिकाणी उधाणाच्या दिवशी ओहोटी दर वेळी साधारण त्याच घटकेला येते. म्हणजे एका पंधरवड्याचं कोष्टक बघितलंत की पुढच्या पंधरवड्याचा अंदाज बांधता येतो. मात्र गाव बदललं की कोष्टक बदलतं. कॅनडातल्या बे ऑफ फंडीत पाणी १६ मीटरपर्यंत चढतं, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर भरती-ओहोटी जेमतेम जाणवते.

आईंसाठी सकाळची ओहोटी निवडा. वाळू तापलेली नसते आणि वाराही बेताचा असतो. दिवस चढला की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा जोर धरतो.

*

प्रतिसाद

माझ्या सासूबाईंना असंच नेलं होतं, त्यामुळे वाळूचं मी सांगते. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू हीच खरी अडचण. पाणी नुकतंच उतरून गेलेली ओली वाळू इतकी घट्ट असते की पाऊल जेमतेम उमटतं. वाळूच्या कणांमधलं पाणी कणांना एकमेकांशी धरून ठेवतं, त्याचा हा परिणाम. तेव्हा पायऱ्या किंवा उतार आणि ओली वाळू यांच्यातलं अंतर जिथे कमीत कमी, असा किनारा शोधा. काही ठिकाणी वाळूवर लाकडी किंवा जाळीची पायवाट असते, रुंद फुगीर चाकांची व्हीलचेअरही मिळते. ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेला किनारा असेल तर विचारून बघाच. त्यांच्या नियमांप्रमाणे त्या त्या नगरपालिकेच्या हद्दीतल्या निदान एका ब्लू फ्लॅग किनाऱ्यावर अपंगांसाठी सोय असावी लागते.

काठीचं टोक वाळूत रुततं, त्याला रुंद रबरी बूच लावून घ्या. कोरड्या पट्ट्यातून जाताना मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, सपाता अजिबात नकोत. मधुमेह असेल किंवा तळव्यांची संवेदना कमी असेल, तर पाण्यातही सँडल काढू नका.

आता पाण्याचं. लाट येताना माणूस सावध असतो, तोल जातो तो लाट परतताना. टाचांखालची वाळू सुळकन निघून जाते आणि माणूस मागे कलतो. म्हणून लाट जिथे पातळ पापुद्र्यासारखी पसरते, तिथेच थांबवा. तोंड समुद्राकडे, दोन्ही बाजूंना माणूस. पाठ फिरवून फोटो काढायला उभं करू नका. हातांची, जरा उंच बैठकीची खुर्ची न्या. बुटक्या आरामखुर्चीतून नव्या गुडघ्यांनी उठणं जिवावर येतं. खुर्चीच्या पायांखाली एक फळी टाका, नाहीतर खुर्ची एका बाजूने खचते. सासूबाईंना आम्ही उतरत्या पाण्यात असंच बसवलं होतं. पाणी लांब जाईल तशी दर थोड्या वेळाने खुर्ची चार पावलं पुढे न्यायचो. शेवटी त्या स्वतःच उठल्या आणि काठी माझ्या हातात देऊन माझा दंड धरून चालत गेल्या.

*

प्रतिसाद

मुलीबद्दल कळकळीने लिहितो आहे, कारण तलावात पोहणारी मुलंच समुद्रात फसतात.

किनाऱ्याकडून समुद्रात आत जाणारा पाण्याचा ओढा (रिप करंट) ओळखायला शिका. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं उंचावरून नुसतं बघा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतो आहे, त्यावरून फेस आत चालला आहे, तर तो ओढा. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्याही वर जाऊ शकतो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्या विरुद्ध जाता येत नाही. पण तो खाली खेचत नाही, आत नेतो. सापडलं तर उताणं तरंगायचं, हात वर करून हाक मारायची, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघायचं. मुलीला हे पाण्यात उतरण्याआधी तोंडपाठ करून घ्या.

लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोन झेंड्यांच्या मधे जीवरक्षकांचं लक्ष असतं, पोहायचं तिथेच. लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. आणि ती कमरेपर्यंत पाण्यात असेल तर तुम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर हव्यात. काठावरून लक्ष ठेवणं पुरत नाही.

वाळूत खड्डा खणू द्या, पण तिच्या गुडघ्याहून खोल नको. कडा ढासळून मुलं गाडली गेली आहेत. किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, मेलेलं असलं तरी डंख होतो. झालाच तर चोळायचं नाही, गोडं पाणी घालायचं नाही. समुद्राच्या पाण्याने धुवून, चिकटलेले तंतू चिमट्याने काढून जीवरक्षकाकडे न्या.

रमण्याचं म्हणाल तर एक भिंग आणि एक लोहचुंबक बरोबर घ्या. कोरड्या वाळूत चुंबक फिरवला की बऱ्याच किनाऱ्यांवर काळे कण चिकटून येतात, ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहयुक्त खनिज. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकून ती फसफसली तर समजायचं, त्यात शिंपल्यांचा चुरा आहे. भरतीरेषेवरच्या शेवाळात समुद्रफेस (माकूळ या समुद्रजीवाचं पांढरं, हलकं कवच), शंख, खेकड्याची टाकलेली कात असं खूप सापडतं. शंखाच्या आत कोणी राहत नाही ना, एवढं बघून घ्या. जवळ दीपगृह असेल तर रात्री आजी-नातीने मिळून त्याची लुकलुक मोजावी. शेजारच्या दिव्यांपासून ओळखता यावं म्हणून प्रत्येकाची लय वेगळी ठेवलेली असते. हे खुर्चीत बसूनही होतं. आणि पश्चिमेला समुद्र असेल तर मुलीला वाळूत पालथं झोपून सूर्य बुडताना बघू द्या. शेवटची कड दिसेनाशी होताच तिने पटकन उभं राहायचं, सूर्य क्षणभर पुन्हा दिसतो.

*

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सासूबाईंचं वाचताना डोळे भरून आले.

काल रात्री लेकीला घेऊन बसले आणि तीन ठिकाणची कोष्टकं काढली. पहिल्या दिवशी सकाळी सातला ओहोटी, दुसऱ्या दिवशी सात पन्नास, तिसऱ्या दिवशी आठ चाळीस, असे तीन दिवस एका ठिकाणी मिळताहेत. भरतीच्या आणि खडकांवरून परत फिरायच्या वेळा तिनेच वहीत लिहून घेतल्या आहेत. आईला अजून काही सांगितलेलं नाही. काठीला बूच मात्र बसवून आणलं, तेव्हा तिने विचारलं, "हे एवढं रुंद कशाला गं?" लेकीने सांगून टाकलं, "वाळूसाठी."

एकच राहिलं. तिकडे आमच्याबरोबर तिसरं मोठं माणूस नाही. लेक पाण्यात असताना मी आईपाशी नसेन आणि आईला धरून उभी असेन तेव्हा लेकीजवळ नसेन. माझा विचार असा आहे, की ओहोटीच्या आधीचा तास फक्त आईचा, लेक आजीच्या दुसऱ्या बाजूला. खडक आणि पाणी त्यानंतर, आईला पायऱ्यांपाशी सावलीत बसवून. पण खडकांना मग उशीर होतो ना? तिसऱ्या दिवशी हा क्रम उलटा करू का, की तीनही दिवस लेकीला खडकांवर नेऊच नको?