कोळशाचा धूर दख्खनच्या कातळात गाडावा का?

सह्यकडा: आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी इथल्या भूऔष्णिक केंद्रातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळात सोडतात. ते आम्लधर्मी पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवतं आणि वायूचा कार्बोनेट, म्हणजे अक्षरशः दगड होतो. 2012 मध्ये सोडलेल्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. आपल्या पायाखाली सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर बसाल्ट पसरलाय. परळी, एकलहरे, भुसावळ ही कोळशाची केंद्रं त्यावरच उभी आहेत. झाडं लावावीतच, पण झाड वठलं किंवा जळलं की त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. राज्याने चाचणीसाठी एक तरी बोअर घ्यावी.

गोदाकाठ: आणि पाणी? त्या पद्धतीत 1 टन वायूला सुमारे 25 टन पाणी लागतं. 250 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला ढोबळमानाने 6000 टन वायू निघतो. म्हणजे रोज 15 कोटी लिटर पाणी. माणशी 135 लिटर धरलं तर 11 लाख लोकांचं. 2013 च्या दुष्काळात परळीचं केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रस्ताव पटवून दाखवा.

निरंजन_पुणे: मग थेट हवेतूनच शोषून घेणारी यंत्रं का नकोत? ती कुठेही बसवता येतात.

सह्यकडा: निरंजन, हवेत हा वायू जेमतेम 0.04 टक्के. धुराड्यात 12 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास 300 पट दाट. विरळ वायू वेगळा काढायला वीज आणि उष्णता फार लागते. ती कोळशातूनच आणली तर हाती काय उरणार?
गोदाकाठ, पाण्याचा हिशोब बरोबर आहे. पण अमेरिकेत वॉलूला इथे 2013 मध्ये सुमारे 1000 टन वायू पाण्यात न विरघळवता, दाबाखाली बसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेट सापडलं.

थरावर_थर: त्या पद्धतीला साधारण 800 मीटर खोली हवी, तरच वायू दाट राहतो. किल्लारीच्या बोअरमध्ये बसाल्ट 338 मीटरवर संपला. कोयनेला तो 900 मीटरच्या पुढे आहे, पण 1967 चा भूकंप तिथलाच. धरणाच्या पाण्याने भूकंप होतात अशा जागी दाबाने वायू सोडायचा? माझा ठाम विरोध. दख्खनचा कातळ सगळीकडे सारखा धरून चालू नका.

सह्यकडा: कोयना नकोच. कोकण किनाऱ्यालगतही बसाल्ट आहे. आइसलँडमध्ये समुद्राचं पाणी वापरून प्रयोग झालेत, म्हणजे गोड्या पाण्याला हात लावायची गरज नाही.

गोदाकाठ: कोकणातही लोक विहिरीचंच पाणी पितात. आम्लधर्मी पाणी खडकातून धातूही सोडवतं, ते वरच्या झऱ्यांत उतरलं तर जबाबदार कोण? दुसरं, अशी सोय येणार म्हणून कोळशाच्या नव्या संचांना परवानगी मिळत राहील, मला त्याची जास्त भीती वाटते.

सह्यकडा: नव्या संचांना माझाही विरोध, आजच लिहून घ्या. विहिरींचं म्हणाल तर बोअर घेण्याआधी वर्षभर आसपासच्या प्रत्येक विहिरीचं पाणी तपासावं आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ग्रामसभेने नाही म्हटलं तर तिथे बोअर नको.