पेज बाहेरून का उघडत नाही?

बी-३०२: नमस्कार. मेंटेनन्सचं पेज सोसायटीच्या ऑफिसात बसलं की उघडतं, बाहेरून नाही. मी नाशिकला लेकीकडे आहे, पावती कशी काढू? तिसऱ्यांदा विचारतेय.

ए-५०१: माझ्याकडे परवा उघडलं की.

बी-३०२: तुम्ही ऑफिसच्या वायफायवर होतात, भाऊ.

सी-१०४: रजिस्टरच बरं होतं. आणि टँकरचं बिल कुठंय?

सेक्रेटरी: अण्णा, एक विषय संपू द्या. राऊटरमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट, म्हणजे वेबपेजची दारं, ऑफिसच्या कॉम्प्युटरकडे वळवलेत. तरी उघडत नाही.

ए-२०३: काका, ग्रुपवरची लिंक १९२.१६८.१.२० आहे, तो आतला पत्ता. पाहुण्याला ‘जिन्याजवळची खोली’ सांगायचं आणि बिल्डिंग सांगायचीच नाही, तसं झालं.

बी-३०२: मग बाहेरचा दे ना बाळा.

ए-२०३: तिथंच अडलंय काकू. आत्ता राऊटर बघतोय. वॅन आयपी, म्हणजे राऊटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, १००.७२ ने सुरू होतो, बाहेरच्या साइटवर तपासला तर वेगळाच दिसतो. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता म्हणजे सीजीनॅट. इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा पत्ता, अनेक गिऱ्हाइकांना वाटून देते. बाहेरून आलेलं कनेक्शन त्यांच्याकडेच थांबतं, आपल्या राऊटरपर्यंत येतच नाही. काकांनी पोर्ट बरोबर लावलेत, पण उपयोग शून्य.

सी-१०४: टँकरचं बिल?

ए-५०१: अण्णांचं बिलपण सीजीनॅटमध्ये अडकलं 😂

सी-१०४: हसा. थकबाकीदारांची यादीपण पेजवर आहे म्हणतात.

खजिनदार: वैयक्तिक नको 🙏

बी-४०४: मागच्या कमिटीच्या वेळी कॅमेरे घरबसल्या दिसायचे. तेव्हा बरं चालायचं सगळं.

ए-२०३: वहिनी, जुन्या कनेक्शनला पब्लिक आयपी होता आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर डीएमझेडमध्ये, म्हणजे त्याचे सगळे पोर्ट बाहेरच्यांना उघडे. पासवर्ड डब्यातून आला तोच. आपलं गेट कुणीही बघू शकत होतं. या पेजवर सगळ्यांचे मोबाईल नंबर आहेत, तसं पुन्हा नको.

बी-४०४: ह्यांनी रात्र जागून ते बसवलं होतं. चहा कुणी विचारला नाही, चुका मात्र आज निघतायत.

सेक्रेटरी: वहिनी, गैरसमज नसावा. उपाय बोला.

ए-२०३: एक तर इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला कायमचा पब्लिक पत्ता घ्या, त्याचे वेगळे पैसे. नाहीतर क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीचं टनेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर छोटा प्रोग्रॅम बसतो, तोच आतून क्लाउडफ्लेअरकडे कनेक्शन जोडतो आणि लोक त्याच वाटेनं पेजवर येतात. राऊटरवर एकही पोर्ट उघडा लागत नाही, आत्ताचे दोन्ही काढून टाकू. ईमेलवर ओटीपी आल्याशिवाय कुणी आत येणार नाही. ५० जणांपर्यंत तेही फुकट आणि आपले फ्लॅट ४८. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे पेजच्या इंटरनेटवरच्या नावाचा, वर्षाला एकदा. आणि रात्री वॉचमन मेन स्विच पाडतो ते बंद करा. कॉम्प्युटरच बंद असेल तर टनेल काय करणार?

सी-१०४: डोमेनला मंजुरी कुणाची? आणि टँकरचं बिल?

खजिनदार: अण्णा, बिल सोमवारीच पेजवर चढवलंय.

सी-१०४: पेज उघडत नाही.

बी-३०२: माझ्या पावतीचा फोटो तरी कुणी पाठवा.

ए-२०३: पाठवतो काकू. अण्णा, तुमच्या बिलाचापण. सगळ्यांनी फ्लॅटमागे एक ईमेल मला पर्सनलवर द्या, ग्रुपवर नको.

ए-५०१: माझा लिहून घे, ए-५०१ अॅट

सेक्रेटरी: अहो, पर्सनलवर!