मदत हवी आहे : फुलपुडीचा रतीब कसा बसवावा?

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं हार-फुलांचं छोटं दुकान आहे. सुपरमार्केटात आता देवाच्या फुलांची पाकिटं मिळतात, ॲपवाले तर काही मिनिटांत घरपोच देतात. भावात त्यांच्याशी टक्कर देणं जमणार नाही. पण पाकिटातली शेवंती घामेजून खालून काळी पडलेली असते, आणि आमच्याकडे जानोरी-मोहाडीचा गुलाब पहाटे येतो, कळी अजून घट्ट मिटलेली. वेणी तर समोर बसूनच ओवून देतो. माझ्या मते हाच खरा फरक आहे.

गंगापूर रोड, इंदिरानगरच्या सोसायट्यांत फुलपुडीचा रतीब लावायचाय. कुणी केलंय का? पैसे आगाऊ घ्यावेत की महिनाअखेरीस? आणि सकाळी सातच्या आत पुडी पोहोचवायला मुलं कुठून मिळतात? पेपरवाल्यांशी बोलून बघावं का?