शब्दचर्चा : ‘टाक’ आणि ‘काढून टाक’

प्रश्न :
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. सगळ्यांवर झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा एजंट, म्हणजे सर्व्हरची हालहवाल कळवणारा छोटा प्रोग्राम, आहे. परवा रात्रपाळीच्या पोराला फोनवरून सांगितलं, “जुना एजंट काढून टाक.” लूमच्या खडखडाटात त्याला ऐकू आलं, “एजंट टाक.” त्यानं अ‍ॅप्ट इन्स्टॉल मारलं, म्हणजे लिनक्सवर पॅकेज बसवायची कमांड. पॅकेज आधीच होतं, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण इन्स्टॉललाही ‘टाक’ आणि रिमूव्हलाही ‘टाक’, हे कसं? दुसरा शब्द आहे का?

– ‘काढून टाक’मधला ‘टाक’ सहायक क्रियापद आहे. ‘सांगून टाक’, ‘खाऊन टाक’ तसाच. काम एकदाचं उरकायचं, एवढाच त्याचा अर्थ. खरा भार ‘काढ’वर आहे आणि गडबड तिथंच आहे. साखर पेठेत कुणी दुकान काढलं म्हणजे नवं उघडलं. बॅकअप काढ म्हणजे तयार कर. आणि ‘लॉग काढ’ म्हटलं तर? मला दाखव, की डिस्क भरली म्हणून उडव? इथं ‘काढून ठेव’ की ‘काढून टाक’, हे शेपूट लावल्याशिवाय कमांड देऊ नये.

– ‘टाक’ला हात लावू नका हो. आमच्या घरी तेलुगू, शेजारी कन्नड. तेलुगूत ‘वेय्यि’, कन्नडात ‘हाकु’, दोन्ही आपल्या ‘टाक’सारखेच भाजीत मिठापासून कॉम्प्युटरात सॉफ्टवेअरपर्यंत चालतात. फोनवर ‘बसव’ म्हणा, म्हणजे घोळ मिटला.

– ‘प्रतिष्ठापित करा’ असंही पाहिलंय. ते गणपतीपुरतं राहू द्या.

– दादा, तुमच्या ‘काढून टाक’मध्ये आणखी एक भानगड आहे. अ‍ॅप्ट रिमूव्हनं प्रोग्राम जातो, ईटीसी फोल्डरातली कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल राहते. नंतर तोच एजंट परत बसवला की जुन्या फाइलीतला जुना सर्व्हरपत्ता घेऊन उठतो, आणि नव्या झॅबिक्सनं विचारलं तर दाद देत नाही. माणूस मात्र फायरवॉलमध्ये एजंटचा १००५० पोर्ट शोधत बसतो. आधी डीपीकेजी मायनस एल ही पॅकेजांची यादी दाखवणारी कमांड मारून बघा : नावाआधी ‘आरसी’ दिसलं तर पॅकेज गेलंय, कॉन्फिग मागं आहे. अ‍ॅप्ट पर्ज केलं की तीही जाते. म्हणून आम्ही रिमूव्हला ‘काढ’ आणि पर्जला ‘मुळासकट काढ’ म्हणतो.

– ‘मुळासकट’ आवडला, पण पूर्ण खरा नाही. झॅबिक्स सर्व्हरसाठी हातानं केलेला डेटाबेस पर्जनंतरही तसाच असतो. आणि हे सगळं डेबियन घराण्यातल्या लिनक्सचं; रेड हॅटच्या घराण्यात पर्ज नाहीच. तिथल्या डीएनएफ कमांडनं रिमूव्ह केल्यावर, तुम्ही कॉन्फिगमध्ये बदल केलेले असतील तर ती फाइल ‘आरपीएमसेव्ह’ असं शेपूट लावून ठेवली जाते.

– ‘चालू कर’चंही तेच रडगाणं. सर्व्हिस चालू-बंद करायच्या सिस्टिमसीटीएल कमांडमध्ये स्टार्ट म्हणजे आत्ता चालू, इनेबल म्हणजे मशीन उठल्यावर आपोआप चालू. लाइट जाऊन आली की फरक कळतो. डेबियनमध्ये पॅकेज बसताच सर्व्हिस बहुधा स्वतःच सुरू होते, रेड हॅटकडं सांगावं लागतं. आम्ही ‘चालू कर’ आणि ‘कायम चालू ठेव’ असं बोलतो.

प्रश्नकर्ता :
‘बसव’, ‘काढ’, ‘मुळासकट काढ’ वहीत लिहून घेतले. ‘देखरेख’ आमच्याकडं कुणी म्हणत नाही, ‘मॉनिटरिंगला लाव’ असंच म्हणतात. ते राहू देतो. आता अ‍ॅप्ट-मार्क होल्डला काय म्हणू? अपग्रेडच्या वेळी एजंटची आवृत्ती बदलू नये म्हणून लावतो ते.

– ‘थांबव’ तर मुळीच नको, पोरगं सर्व्हिसच बंद करेल. ‘व्हर्जन धरून ठेव’ म्हणा. आणि सोडायची वेळ आली की ‘धरलेलं सोड’, म्हणजे अनहोल्ड. काय काय धरलंय ते शोहोल्डनं दिसतं.