मदत हवी आहे : बाळाच्या लघवीतील ग्लायकोसॅमिनोग्लायकॅनचा आकडा वयानुसार कसा वाचावा?

नमस्कार. मी कोथरूडला राहते. माझ्या १४ महिन्यांच्या नातवाच्या लघवीतील ग्लायकोसॅमिनोग्लायकॅनची, म्हणजे ज्यांना पूर्वी म्युकोपॉलिसॅकराइड म्हणत त्या जटिल शर्करांची, तपासणी डॉक्टरांनी सांगितली होती. लघवी गोळा करण्याची चिकटपिशवी दोनदा सुटल्यावर तिसऱ्या खेपेस नमुना मिळाला. अहवालात क्रिएटिनिनशी असलेल्या गुणोत्तरापुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’ असा शेरा आहे; मात्र संदर्भमर्यादा एकच छापलेली असून ती कोणत्या वयाची, याचा कुठेही उल्लेख नाही.

माझ्या वाचनानुसार या शर्करा कूर्चा आणि संयोजी ऊतींमध्ये असतात व वाढीच्या काळात त्यांची उलाढाल मोठी असते, त्यामुळे निरोगी तान्ह्या बाळांतही हे गुणोत्तर बरेच जास्त असते, पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते आणि पुढे सावकाश कमी होत प्रौढांच्या पातळीवर येते. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येत असल्याने बाळाच्या बाबतीत भाजकच लहान असतो. मग प्रौढांच्या मोजपट्टीवर कोणते बाळ ‘जास्त’ ठरणार नाही?

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डायमिथाइलमिथिलीन ब्लू पद्धतीच्या (म्हणजे या रंगद्रव्याच्या साहाय्याने या शर्करांचे एकूण प्रमाण मोजण्याच्या पद्धतीच्या) वयोगटनिहाय मर्यादा प्रयोगशाळेकडून लेखी मागता येतात का? आणि निरोगी मुलांत या शर्करांपैकी प्रामुख्याने कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा प्रकारच सापडत असल्याने, डर्मॅटन व हेपरान सल्फेट हे दुसरे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी आधी करावी, की थेट रक्तातील विकरांची, म्हणजे या शर्करा मोडणाऱ्या एन्झाइमांची? पुढची भेट येत्या गुरुवारी आहे.