कुड्यातलं कोनेसिन: 'नैसर्गिक अँटिबायोटिक' म्हणावं का?

सालपापुद्रा: कोनेसिन जंतू मारतं, सूज उतरवतं, तेव्हा पांढऱ्या कुड्याची साल उकळून प्या, हा या चर्चेच्या धाग्यावरचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. कुड्याच्या सालीतलं, स्टेरॉइडचा सांगाडा असलेलं हे अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त, शरीरावर परिणाम करणारं रसायन) १८५८ पासून ठाऊक आहे. अमीबाच्या आमांशावर ते दिलंही गेलं, गुणही यायचा. पण रुग्णांची झोप उडायची, हात थरथरायचे, जिवाची नुसती घालमेल. आमांशावरचं मेट्रोनिडाझोल हे औषध आल्यावर ते मागे पडलं. डॉक्टरांच्या नजरेखाली जे सोसलं नाही, ते घरी अंदाजपंचे प्यायचं?

काढेवाला: शुद्ध कोनेसिन वेगळं आणि साल वेगळी हो! सालीत इतरही बरीच अल्कलॉइडं आहेत, शिवाय टॅनिन हे तुरट द्रव्य, ज्यानं जुलाब आवळतो. आयुर्वेदात कुटज, म्हणजे हाच कुडा, अतिसारावर आणि रक्ती मूळव्याधीवर शतकानुशतकं वापरात आहे. कुटजारिष्ट हे त्याचं आयुर्वेदिक औषध घेऊन कुणाचे हात थरथरलेले मी तरी पाहिले नाहीत. एक रेणू वेचायचा, तो बाधला की अख्ख्या झाडाला नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

सालपापुद्रा: मग जाहिरात करताना त्याच एका रेणूचं नाव का पुढे करता? श्रेय कोनेसिनचं आणि दोष मात्र त्याचा नाही, असं कसं? झोपेचं म्हणाल तर मेंदूत जागं ठेवणाऱ्या हिस्टामीन या रसायनाला लगाम घालणारे एच-३ रिसेप्टर (पेशींवरचे संदेश घेणारे रेणू) असतात, कोनेसिन तेच अडवतं. लगाम सुटला की माणूस टक्क जागा. आणि मेंदूत शिरलेलं कोनेसिन लवकर बाहेरही पडत नाही.

पेट्रीडिश: दोघांचंही एक राहून जातंय. स्यूडोमोनास हा जिवाणू पेशीत शिरलेलं औषध पंपानं बाहेर फेकतो. प्रयोगशाळेत कोनेसिननं तो पंप अडवला आणि लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकांचा परिणाम वाढला. म्हणजे खरी आशा आहे ती अँटिबायोटिकचा जोडीदार म्हणून. अर्थात हे सगळं काचेच्या बशीत. सुजेबाबतचे प्रयोगही मुख्यतः पेशींवर नि उंदरांवर.

रानभूल: आधी साल कुठल्या कुड्याची ते सांगा! पांढऱ्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची, म्हणजे वेगळ्याच झाडाची, साल सर्रास खपते. एकोणिसाव्या शतकात युरोपातले रसायनशास्त्रज्ञही इथेच फसले होते. झाडावर शेंगा असतील तर सोपं आहे: जोडीतल्या दोन शेंगा टोकाला चिकटलेल्या असल्या तर काळा, सुट्या लोंबत असल्या तर पांढरा. पिशवीतल्या भुग्याला कुठल्या शेंगा?

काढेवाला: भेसळीचं मान्य. पण तो दोष विकणाऱ्याचा, सालीचा नाही. वैद्याकडून घ्या.

सालपापुद्रा: वैद्याकडून घ्यायला माझी कधीच ना नव्हती. 'उकळून प्या' म्हणणाऱ्यांना मात्र किती साल, किती पाणी, किती दिवस, हे विचारा. मी विचारलं की धागा शांत होतो.

काढेवाला: शांत कसला, मी आहे की. मात्रा माणूस बघून ठरते, धाग्यावर नाही.

पेट्रीडिश: मग 'उकळून प्या' तरी धाग्यावर कसं ठरलं?